उन्हाळ्यात मोजलेला पूर

"शून्य!" रेवणकर म्हणाला, आणि पडद्यावरच्या त्या गोल आकड्याकडे पहिल्या नातवाकडे बघावं तसा बघत राहिला. "तीन महिन्यांत जुन्या लाइनीवर एकही फोन नाही. झीरो. ह्याला म्हणतात काम."

शून्य खरं तर माझं होतं. नोंदी मी काढल्या होत्या, तक्ता मी केला होता आणि त्या शून्याला हिरवा रंगसुद्धा मीच दिला होता. पण आमच्या कंपनीत चांगला आकडा वरच्याच्या तोंडून बाहेर पडायचा आणि वाईट आकडा खालच्याच्या. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, आणि ही पद्धत मला अन्यायाची वाटत नव्हती, कारण लवकरच मीही वरची होणार याची मला खात्री होती.

काम असं होतं. तांबी धरणातून किती पाणी सोडलं हे नदीकाठच्या तेवीस ठिकाणांना कळवायला जिल्ह्याच्या पूर नियंत्रण कक्षात एक जुनं यंत्र होतं. प्रत्येक ठिकाणी एक पेटी. ती पेटी टेलिफोनवरून आमच्या यंत्राला फोन लावायची, यंत्र किंचाळून उत्तर द्यायचं आणि एक ओळ पाठवायचं: पातळी इतके फूट, विसर्ग इतके क्युसेक. विसर्ग धोक्याचा असला की पेटी आपोआप गावातला भोंगा वाजवायची. हे सगळं मोडीत काढून इंटरनेटवरची नवी जोडणी आणायची होती. तीत फुटाऐवजी मीटर आणि परवलीचा शब्द वगैरे थाट होता. एक दिवसही कुणाचा निरोप चुकता कामा नये ही अट होती. त्यासाठी जुनी आणि नवी लाइन शेजारी शेजारी चालवायच्या, एकेक ठिकाण नवीवर न्यायचं, आणि जुनीवर कुणीच उरलं नाही की ती बंद करायची. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं, आणि पुस्तकात ते बरोबरच असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली ती बैठक. कार्यकारी अभियंता इनामदार साहेब मधल्या खुर्चीत, आमच्या कंपनीचा प्रकल्पप्रमुख रेवणकर पडद्याशी, मी लॅपटॉपशी. मागे भिंतीला टेकून कक्षाचे वायरलेस ऑपरेटर हणमंत शेडबाळे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी हेडफोन कानाला लावून धरणाचे आकडे उतरवून घेतले होते. त्यांच्या रजिस्टरात एक विचित्र शिस्त होती: ऐकलं तेवढंच लिहायचं. आवाज फाटला आणि एक अंक कळला नाही तर ते तिथे रेघ मारून ठेवत, अंदाज लिहीत नसत. मला ती रजिस्टरं गबाळी वाटायची. सगळीकडे रेघाच रेघा.

अण्णांनी हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा.

"साहेब, तेवीस म्हंजे नांदगोळी धरून?"

"बावीस ठिकाणं नव्या लाइनीवर गेली," मी उत्तर दिलं. "तेविसावं नांदगोळी. ते बंद आहे."

"बंद न्हाई, मॅडम. गप हाय."

"तीन महिन्यांत एकदाही फोन नाही केला त्यांच्या पेटीनं."

"न्हाईच करायची. तितं सगळ्या गावात एकच फोन हाय, पंचायतीत. पेटी रोज फोन लावायला लागली तसा लोकांचा फोन लागंना. मग मी तिला तरंगा बसवून दिला. फरशी पुलाला पाणी टेकलं की तरंगा उचलतोय, आन मगच पेटी फोन लावती. उन्हाळ्यात कशाला बोलंल ती?"

"आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात?"

"गेली दोन वरसं फरशीला पाणी लागलंच न्हाई की. पाऊसच कुटं होता?"

रेवणकर हसला. "म्हणजे दोन वर्षं गप्प असलेल्या यंत्रासाठी आपण सगळा प्रकल्प थांबवायचा."

"थांबवू नगासा. एक पावसाळा दोनी चालू ठेवा. हिरीवर नवा दोर पाण्याला टेकल्याबिगर जुना सोडत न्हाईत, साहेब."

इनामदार साहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे विनोद येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. "शेडबाळे, तुमची निवृत्ती कधी?"

"नोव्हेंबरात, साहेब."

"मग तेवढा धीर धरा. तुमच्या आधी यंत्राला जाऊ द्या."

सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच. शिवाय वरून म्हणाले, "अण्णा, यंत्राला माया लावायची नसते."

आता गंमत ऐका. माझ्या पहिल्या आराखड्यात मीच लिहिलं होतं, 'दोन्ही जोडण्या एक पूर्ण पावसाळा समांतर'. पुस्तकातून उतरवलं होतं, त्यामुळे त्यावर माझा विश्वास नव्हता. रेवणकरने ते खोडून 'एक महिना' केलं, कारण मंत्रिमहोदयांना उद्घाटनासाठी नऊ जुलै हीच तारीख मोकळी होती. नदीला विचारायची पद्धत नव्हती. आणि वापर मोजायला मार्च, एप्रिल, मे हे महिने निवडले, कारण तेव्हा मी रिकामी होते. पुराच्या लाइनीवर किती वर्दळ असते हे आम्ही भर उन्हाळ्यात मोजलं. पाच इंजिनिअर, दोन साहेब आणि एक सल्लागार यांच्यापैकी कुणालाही त्यात काही खटकलं नाही. ज्याला खटकलं तो दहावी नापास होता.

संध्याकाळी मी दाखल्यावर सही केली: जुन्या जोडणीवर वापरकर्ता नाही. खाली माझं पूर्ण नाव, वैजयंती पोंक्षे.

नऊ जुलैला घाटमाथ्यावर चार दिवसांची झड होती. कक्षात मात्र झेंडूच्या माळा होत्या. जुनं यंत्र फोटोत वाईट दिसतं म्हणून त्याची तार काढली, त्यावर जांभळा सॅटिनचा पडदा टाकला आणि वर फुलदाणी ठेवली. त्याची टेलिफोन लाइन फुकट जायला नको, म्हणून तिला एक साधा फोन जोडून तो मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला दिला. त्याच्या मोबाइलला रेंज मिळत नव्हती, आणि तो रेंज नसलेल्या माणसासारखाच चिडलेला होता. अण्णांचा सदरा उसवलेला होता, म्हणून इनामदार साहेबांनी त्यांना बाहेर गाड्यांवर लक्ष ठेवायला पाठवलं. तालुक्याचे तहसीलदार आणि नदीकाठचे तलाठी झाडून सगळे स्वागताच्या रांगेत उभे होते. पूर कक्षात आला असता तर त्याला हार घालायला माणसं कमी पडली नसती.

मंत्र्यांनी दाबलेलं लाल बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. धरणाचे दरवाजे बारा चाळीसलाच उचलले होते, आणि बावीस ठिकाणांना निरोप आपोआप गेला होता. पण टाळ्या झाल्या. मग मंडळी वरच्या सभागृहात जेवायला गेली. कक्षात मी, तो सहायक आणि भिंतीवरचं घड्याळ उरलो.

एक दहाला फोन वाजला. सहायक कागद चाळत होता, म्हणून मी उचलला. कानात कर्कश किंचाळी घुसली. मी खाली ठेवला.

"कोण?"

"फॅक्स असेल कुणाचातरी."

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. पुन्हा तीच किंचाळी. पुढच्या पाच मिनिटांनी पुन्हा.

"बाई, बंद करा हो ते," सहायक म्हणाला. "साहेबांच्या दौऱ्याचं टाइप करतोय मी. डोकं उठलं."

चौथ्यांदा वाजला तेव्हा एक पंचवीस झाले होते. मी तो उचलून लगेच खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि रिसीव्हर टेबलावर आडवा करून ठेवला. छान शांतता झाली. सहायकाने माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मंत्र्यांच्या माणसाला आपलं काम आवडलं!

दोनला पाच कमी असताना अण्णा पाणी प्यायला आत आले. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. माठाकडे जाता जाता त्यांची नजर टेबलावर पडली आणि ते थांबले.

"ह्यो बाजूला कुणी ठिवला?"

मी समोरचे कागद सारखे केले.

"वाजत हुता का?"

"सारखा वाजत होता," मी म्हणाले. "फॅक्स येत होता कुठूनतरी."

"किंचाळत हुता?"

"हो."

"किती येळच्या अंतरानं?"

ते मला तेव्हा कळलं. त्यांनी विचारायच्या आधी, खरं तर 'किती' या शब्दापाशीच. पाच मिनिटं. पेटीच्या माहितीपत्रकात मी स्वतः वाचलं होतं: उत्तर न मिळाल्यास दर पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न.

अण्णांनी फुलदाणी उचलून सरळ जमिनीवर आपटली. म्हणजे ठेवायला गेले असतील, पण ती फुटली. पडदा ओढून काढला. तार लावली. रिसीव्हर जागेवर ठेवून लाइन त्या साध्या फोनातून काढली आणि यंत्राच्या पाठीत खुपसली. ते म्हातारं यंत्र सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचं, आणि ती चार मिनिटं ते घेत होतं.

"आपण पंचायतीला फोन करू ना," मी म्हणाले. 

"कशावर? गावात फोन एक, आन पावसाच्या पाण्यानं तरंगा उचलल्यापासनं त्येच्यावर पेटी बसलीय आपल्याला हाका मारत. भायेरनं कुणाचा लागनार तितं?"

आवाज ऐकून रेवणकर जिन्यावरून खाली आला. हातात जिलेबीची बशी. "हे काय चाललंय? काच कुणी फोडली? वर मंत्री आहेत, शेडबाळे!"

"वर हायेत न्हवं? मग त्येंला काय हुईत न्हाई," अण्णा म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही साहेबाला दिलेलं हे बहुतेक पहिलं उत्तर असावं. त्यांची नजर यंत्रावरून हलली नव्हती.

दोन वाजून पाच मिनिटांनी लाइन वाजली. यंत्राने उचलली, दोन्ही बाजूंनी किंचाळ्या झाल्या, आणि पडद्यावर हिरवी ओळ उमटली: नांदगोळी. मग आमची ओळ गेली. विसर्ग बावीस हजार.

लगेच अण्णांनी लाइन काढून पुन्हा साध्या फोनला लावली आणि हात त्यावर ठेवून बसले. दोन मिनिटांत फोन आला. मालूताई मगदूम. पंचायतीची झाडलोट आणि भोंग्याची किल्ली दोन्ही तिच्याकडे होती. तिचा आवाज एवढा मोठा होता की मला दोन हात लांबून ऐकू येत होता.

"अण्णा, भोंगा वाजाय लागला. किती सोडलंय?"

"बावीस हजार. खालची गल्ली मोकळी कर, आक्का."

"कवा पोचंल?"

अण्णांनी घड्याळाकडे बघितलं. धरणापासून नांदगोळीला पाणी यायला दोन तास लागत. "अर्ध्या तासात."

"अर्ध्या? आन जनावरं? गोठ्यातनं सोडून माळावर न्ह्यायला तास जातुया!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. एखादा अंक कळला नाही की ते हेडफोनकडे बघत, तसं बघितलं.

"मानसं काड आदी," ते म्हणाले.

माणसं सगळी निघाली. चाळीस घरं, एकही जीव गेला नाही. जनावरं गेली, सतरा. दावणीला बांधलेलीच. एक दहाच्या फोनला उत्तर मिळालं असतं तर माळावर चरत असती.

माणूस मेला नाही म्हणून बातमी झाली नाही. पण मंत्र्यांच्या दौऱ्यात फुलदाणी फुटली होती, त्यामुळे चौकशी मात्र झाली. ऑगस्टमध्ये अधीक्षक अभियंत्यांनी आम्हाला बोलावलं. अण्णा आणि मी एकाच बाकावर बसलो होतो.

"पोंक्षे मॅडम," त्यांनी विचारलं, "जुनं यंत्र बंद असताना त्या लाइनीवर फोन आला होता का?"

साध्या फोनाला नोंद नसते. कोण, किती वाजता, किती वेळा, काही उरत नाही. सहायकाने आपण टाइप करत होतो, आपल्याला काही आठवत नाही असं लिहून दिलं होतं. रेवणकरने आदल्या दिवशी मला चहा पाजून सांगितलं होतं की पुढच्या प्रकल्पावर प्रमुख म्हणून माझं नाव गेलं आहे.

"माझ्या माहितीत नाही," मी म्हणाले.

"शेडबाळे, तुमच्या जबानीत आहे की रिसीव्हर काढून ठेवलेला होता. कुणी ठेवला?"

 कक्षात मी आणि सहायक दोघंच होतो हे अण्णांना माहीत होतं. मी त्यांना 'सारखा वाजत होता' असं तोंडाने सांगितलं होतं. एवढं ते बोलले असते तरी पुरलं असतं.

"ठेवताना म्या बघितलं न्हाई, साहेब," अण्णा म्हणाले.

"अंदाज?"

"अंदाज न्हाई लिवत आमी."

त्यांनी मला वाचवलं असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. त्यांनी रेघ मारली, एवढंच. भरायची जागा माझी होती आणि मी ती कोरी सोडली.

निकाल आला: कर्मचाऱ्याने नेमून दिलेली जागा सोडली, सेवेतून काढलेलं यंत्र विनापरवानगी जोडलं, शासकीय वस्तूची हानी केली. वस्तू म्हणजे फुलदाणी. सेवापुस्तकात ठपका. निवृत्तीला तीन महिने उरले होते. आमच्या कंपनीच्या अहवालात एक वाक्य होतं, तेही माझंच: संक्रमण सुरळीत पार पडले, जुन्या जोडणीवर वापर शून्य. त्या वाक्यावर मी वीस वर्षं वर चढते आहे. आजही मला व्याख्यानाला बोलावतात, चालू व्यवस्था न मोडता नवी कशी आणावी या विषयावर, आणि नारळ देतात. मी तो घेते.

नोव्हेंबरात अण्णांचा निरोप समारंभ झाला. इनामदार साहेबांनी भाषणात त्यांना निष्ठेचा पुतळा म्हटलं. चष्मा लावूनच, म्हणजे विनोद नव्हता. शेवटी सगळे पेढे खात असताना अण्णा माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, नांदगोळीचं झालं का?"

"काय?"

"पेटीला लाइन. फुडच्या पावसाळ्याला तिनं कुणाला हाक मारायची?"

चार महिन्यांत माझ्या ते डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. "करते," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच गेले. नांदगोळीत इंटरनेट पोचायला अजून सहा वर्षं होती, म्हणून नियंत्रण कक्षाच्या कोपऱ्यात निघण्याआधीच मी एक लहानसं यंत्र ठेवून जुनी लाइन चालू केली होती, कुणालाही न विचारता. दुपारभर पंचायतीत बसून पेटी तपासली. मालूताई स्वतः फरशी पुलावर जाऊन हाताने तरंगा उचलून आली. पेटीने फोन लावला, तिकडून उत्तर आलं, भोंगा वाजला. गल्लीतली पोरं धावत आली आणि तिने त्यांना हाकललं.

"अण्णांनी धाडलं व्हय तुमास्नी?" असं म्हणत तिने मला घरी नेलं. खालच्या गल्लीत पहिलंच घर. भिंतीवर कमरेच्या वर गाळाची रेघ होती. गोठा धुऊन काढलेला, दावं खुंटीला गुंडाळून ठेवलेलं.

"कोरा च्या चालंल न्हवं?" ती म्हणाली. "म्हस न्हाई आता."

"चालेल."

मी कप हातात घेतला. ती उंबऱ्यावर टेकली. "त्या दिशी पेटी बापडी लावत हुती, लावत हुती. मी शेजारीच बसल्याली. तिकडनं कुनी तरी उचलायचं आन ठिवून द्यायचं. मग तर लागंनाच. तुमी मोटी शिकल्याली मानसं, काय झालतं वो तितं?"

दाखला, अहवाल, चौकशी, सगळीकडे मी जे लिहिलं नव्हतं ते त्या गाळाच्या रेघेसमोर तोंडातून निघून गेलं.

"मी होते तिथे. चार वेळा उचलला. मग रिसीव्हर मीच काढून ठेवला."

मालूताईने माझ्याकडे बघितलं. 

"म्हंजे ऐकलंतासा तुमी."

"हो."

तिने पुढे होऊन माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता. आत गेली. मोरीवर चहा ओतल्याचा आवाज आला, मग कप घासल्याचा. ती परत बाहेर आली नाही.

माझी बस साडेचारची होती. तोवर मी त्या अंगणात उभी राहिले.